रेखाचं व्याज

फेब्रुवारीत बाहेरचा बर्फ दगडासारखा कडक झाला होता आणि ग्रीनहाऊसच्या आत घाम येत होता. सरला दारातून आत आली की तिचा चष्मा आधी आंधळा व्हायचा. ती तशीच उभी राहायची. लोकरीची टोपी काढून जॅकेटच्या बाहीत कोंबायची आणि काचेवरचं धुकं विरेपर्यंत आज काय लावायला घेतलंय ते वासावरनं ओळखायची. ओल्या मातीचा वास तर रोजचाच. त्यात जिरेनियमच्या पानांचा उग्र वास मिसळला की समजायचं, आज संध्याकाळी बोटांचा वास साबणानंही जाणार नाही.

ॲन आर्बरच्या दक्षिणेला, सोयाबीनच्या उघड्या शेतांच्या मधोमध ही नर्सरी होती. मे महिन्यात गावातल्या अंगणांत जी फुलं लागायची, ती इथं आत्ता करंगळीएवढी असायची. पट्ट्यावरून मातीनं भरलेल्या कुंड्या सरकत यायच्या. दोन्ही बाजूंना बाया. बोटानं खळगा करायचा, रोप खोचायचं, दोन बोटांनी दाबायचं, पुढची कुंडी. पट्टा कुणासाठी थांबत नसे. नख आणि कातडी यांच्यामध्ये माती शिरून भेगा पडायच्या. सरलाच्या शेजारी उभी राहणारी रेखा त्या भेगांत सुपरग्लू भरायची.

"लाव ताई. झोंबतं, पण चिकटतं," असं म्हणून तिनं सरलाचंही बोट धरलं होतं, पहिल्या हिवाळ्यात. तेव्हापासून दोघी शेजारी.

सरलाचा नवरा मनोहर इस्लामपूरला लेथ चालवायचा. सरलाच्या भावानं कागदपत्रं करून दोघांना इकडं आणलं, आणि पुढं तो स्वतः नोकरीसाठी चँडलरला गेला. "चला तिकडं, थंडी नाही," असं तो म्हणत होता. पण तोवर यांनी रस्त्याकडेच्या वस्तीत जुना ट्रेलर, म्हणजे पत्र्याचं लांबट घर, घेतला होता आणि मनोहरला एका मशीन शॉपमध्ये काम मिळालं होतं. मग दोन वर्षांमागं तो बाथरूममध्ये पडला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. डावी बाजू गेली. जीभ परत आली, पण जड झाली.

कमी मिळकतीच्या लोकांना सरकार आजारपणासाठी मदत देतं, त्या मेडिकेडवर त्याचं सगळं चाललं होतं. औषधं, व्यायाम करून घेणारा माणूस, आणि सकाळी येणारी लोरेन. लोरेन ही साठीची, जाड, गुडघ्यांनी अधू बाई. ती त्याला उठवायची, न्हाऊ घालायची, दाढी करायची, दुपारपर्यंत बसायची. ती येते म्हणून सरला कामावर जाऊ शकत होती. गणित एवढंच होतं.

रेखाचे पैसे सरलाकडे आले ते मनोहर पडायच्याही आधी. रेखाची आई वारली, भावानं मिरजेच्या रस्त्यालगतची जागा विकली आणि कुणाला वाटलं नव्हतं तरी बहिणीचा वाटा काढून ठेवला. रेखानं डबा खाताना हळूच विचारलं होतं,

"ताई, तुझ्या नावावर ठेवशील?"

"माझ्या का? तुझा नवरा—"

"म्हणूनच."

रेखाचा नवरा सत्यजित चौकातल्या पेट्रोल पंपावरचं दुकान चालवायचा. रेखाचा पगार त्याच्या खात्यात जायचा. तो मारत नव्हता, पीत नव्हता. तिनं गाडीत पेट्रोल किती टाकलं ते मात्र विचारायचा. भाजी कुठून आणली, फोनवर कोण होतं, एवढा वेळ का लागला. मुलगी रुही कॉलेजात होती. ती जूनमध्ये पास झाली की रेखा इप्सिलँटीत एक खोली घेणार होती. खोली तिनं बघूनही ठेवली होती. खाली लाँड्री होती, वर खिडकी.

पहिली काही वर्षं त्या पैशावर व्याज असं नव्हतंच, चहाला पुरेल इतकं. मग दर चढले. क्रेडिट युनियनमधली, म्हणजे तिथल्या पतपेढीतली बाई म्हणाली, सर्टिफिकेटमध्ये, मुदतठेवीत टाका, जास्त मिळेल. दोघींनी मिळून टाकलं. परत येताना गाडीत रेखा गाणं म्हणत होती.

सरलानं त्यातल्या एका डॉलरलाही हात लावला नव्हता. पण खातं तिच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर होतं, म्हणून वर्षअखेरी व्याजाचा कागद तिच्या पत्त्यावर आला. तो घेऊन ती लायब्ररीत गेली. तिथं शनिवारी फुकट टॅक्स भरून द्यायचे.

टेबलापाशी नेत्रा नावाची मुलगी होती. इथंच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत शिकणारी. सरलाचं आडनाव वाचून ती मराठीत बोलायला लागली.

"मावशी, good news. तुमचा टॅक्स zero आहे."

"एवढ्या व्याजावर पण?"

"हो. तुमचा पगार आणि व्याज मिळून जेवढं होतं, तेवढ्यावर टॅक्सच लागत नाही. लो इनकम आहे ना."

"देव पावला," असं म्हणून सरलानं पिशवी उचलली.

नेत्रा स्क्रीनकडं बघत राहिली. "मावशी, एक मिनिट. काका मेडिकेडवर आहेत का?"

"हो."

"टॅक्स लागला नाही, तरी व्याज इनकममध्ये count होतं. मेडिकेडवाले तेच इनकम बघतात. तुमचा ओव्हरटाइम आणि हे व्याज मिळून... लिमिटच्या वर जातंय."

"किती वर?"

"थोडंसं. पण थोडं असलं तरी वर म्हणजे वरच." तिला हे सांगणं अवघड जात होतं. तिनं केस कानामागं सारले.

"अगं, पण ते पैसे माझे नाहीतच."

"मग कोणाचे?"

सरलानं पिशवी पुन्हा खाली ठेवली. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा कागदांचा गठ्ठा सोडत होता.

"मावशी, it's okay. असं खूप लोकांचं असतं. ज्यांचे पैसे, त्यांच्या नावानं आपण एक फॉर्म देतो. मग व्याज त्यांच्याकडे जातं, तुमच्यातून minus होतं. एकदम लीगल आहे. फक्त त्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर पाहिजे."

"तिच्या नवऱ्याला कळेल?"

"ते दोघं टॅक्स जॉइंट भरतात, एकत्र?"

"तोच भरतो. ती सही करते."

"मग कळेल. तिनं वेगळं भरलं तरी कळेल. अचानक वेगळं का, हे विचारणारच ना ते."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दोघी रेखाच्या गाडीत बसल्या. इंजिन चालू ठेवून, हीटरसमोर हात धरून. सरलानं सगळं सांगितलं. रेखाच्या मांडीवर डबा उघडा होता. तिनं झाकण लावलं.

"जूनपर्यंत थांब ताई. फक्त जूनपर्यंत. रुही पास झाली की मी बाहेर. मग लाव माझं नाव, पाटीवर लाव."

"एप्रिलच्या मध्याच्या आत भरायचं असतं ते. आणि मेडिकेडच्या ऑफिसनं आत्ताच कागद मागितलेत."

"सगळं व्याज तू ठेव. मला एक पैसा नको."

"त्या व्याजात लोरेन दोन महिने येईल. पुढं काय?" सरलाचा आवाज चढला. तो तिलाच ओळखू आला नाही. "मला व्याज नको, रेखा. मला सकाळी माणूस हवंय घरात."

रेखानं काचेवरचं धुकं बाहीनं पुसलं. बाहेर नुसता पांढरा रस्ता होता.

"तो ओरडणार नाही बघ," ती म्हणाली. "तो शेजारी बसेल. म्हणेल, कशासाठी ठेवले होतेस, सांग. रोज विचारेल. मी सांगेपर्यंत. आणि मी सांगेन, ताई. मला माहीत आहे, मी सांगेन."

त्या शनिवारी तिनं सगळं व्याज आपल्याच नावावर भरलं. नेत्रानं पुन्हा पुन्हा विचारलं, "शुअर आहात?" सरलानं मान हलवली आणि सही केली.

महिनाअखेरीस मदत बंद झाली. शेवटच्या दिवशी लोरेननं मनोहरची दाढी केली, मानेवरचे केस कापले, पायाची नखंही काढली. जाताना तिनं त्याच्या गालाला हात लावला. "बिहेव युअरसेल्फ, मॅनी," ती म्हणाली. तो हसला. उजव्या अर्ध्या तोंडानं.

औषधांसाठी दुसरा विमा मिळाला, थोडे पैसे भरून. पण त्यात घरी माणूस येत नव्हतं. सरलानं पहिले दोन दिवस त्याला खुर्चीत बसवून, टीव्ही लावून, दाराला कुलूप घालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी घरी आली तर तो खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये अडकून बसला होता. कपाळ सुजलं होतं.

"हाक मारली का कुणाला?"

"कुणाला मारू?" तो म्हणाला.

मग तिनं त्याला कामावरच नेलं. नर्सरीचा मुकादम डग चांगला माणूस होता. "थोडे दिवस," त्यानं सांगितलं. पॉटिंगच्या, म्हणजे कुंड्या भरायच्या शेडमध्ये हीटरजवळ एक बागेतली खुर्ची टाकली. मनोहर बसला. ऊब होती, माणसं होती. मशीनचा आवाज ऐकून त्याचा चेहरा बदलला. पट्ट्याच्या खालच्या बेअरिंगकडं बोट करून तो म्हणाला, "सुकं चाललंय. ग्रीस नाही." सरलानं डगला सांगितलं. डगनं ग्रीस घातलं. त्या दिवशी मनोहरनं दोन पोळ्या खाल्ल्या.

त्याला काहीतरी करायचं होतं. रेखानं त्याच्या मांडीवर फुलांच्या नावांच्या पट्ट्यांचा खोका ठेवला. उजव्या हातानं एकेक पट्टी तो कुंडीत खोचू लागला. वाकडी बसली की काढून पुन्हा खोचायचा. त्याच्यामुळं रांग अडते, असं पलीकडच्या बायका आपसात बोलत. सरलाला ते ऐकू यायचं. ती हात अधिक चालवायची.

आठवड्यानं ते झालं. दुपारची वेळ होती. मोठी ऑर्डर जायची होती, पट्टा वेगानं सोडला होता. सरलाला वळून बघायला फुरसत नव्हती. मग समोरची मेक्सिकन बाई काम थांबवून तिच्याकडं बघू लागली आणि लगेच तिनं नजर खाली घातली.

मनोहरच्या खुर्चीखाली ओल पसरत होती. पाणी मारलेल्या फरशीवर ती दिसली नसती, पण वास होता. त्यानं उजव्या हातानं खोका मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. वर बघत नव्हता.

सरलाच्या हातात रोप होतं. तिला ते खाली ठेवता येईना. कुंड्या समोरून रिकाम्या पुढं जाऊ लागल्या.

रेखानं हातातलं रोप टाकून दिलं. ती मनोहरजवळ गेली आणि त्याच्या काखेत खांदा घातला.

"उठा दाजी. चला. माझ्यावर भार टाका."

शेडच्या मागं खुरपी, फावडी धुवायची मोरी होती. तिथं कोमट पाणी यायचं. रेखानं त्याला पाइपला धरून उभं केलं, पँट खाली ओढली, रबरी नळीनं मांड्या धुतल्या, पिंढऱ्या धुतल्या. सरला मागून धावत आली तोवर ती त्याच्या पावलांवर पाणी सोडत होती. तो थरथरत होता.

"पोरी," तो म्हणाला, "तू नको. तू नको गं."

"माझे वडील अंथरुणावर होते तेव्हा मी इकडं होते," रेखा म्हणाली. "गप उभे राहा."

तिनं आपलं जॅकेट त्याच्या कमरेला गुंडाळलं. तिघंही गाडीपर्यंत चालत गेली. बर्फावर त्याचा डावा पाय ओढत होता.

संध्याकाळी डग सरलाला बाजूला घेऊन बोलला. तो वाईट काही बोलला नाही. इन्शुरन्स, माणूस पडला बिडला तर जबाबदारी, वरून विचारणा झालीय, असं काही सांगत राहिला. बोलताना तो टोपी हातात फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी सरलानं शेजारच्या ट्रेलरमधल्या म्हातारीला दिवसाचे पैसे देऊन बसवलं आणि कामावर आली. पार्किंगमध्ये रेखा गाडीला टेकून उभी होती.

"नंबर घे," ती म्हणाली.

"कसला?"

"माझा. त्या मुलीला दे. दुरुस्त करता येतं का विचार."

"नको रेखा."

"घे म्हणते ना."

"जून फार लांब नाही आता. म्हातारी बसतेय, मी काढीन दिवस—"

"म्हातारीला किती देतेस? तुला पगारात उरतं काय?" रेखानं तिच्या जॅकेटची चेन वर ओढून गळ्यापाशी आणली, लहान पोराची ओढतात तशी. "काल दाजी माझ्याकडं बघत नव्हते ना ताई, तेव्हा मला माझंच वाटलं. मी तशी बसलेय खुर्चीत, आणि सगळे बघतायत. घे नंबर."

सरला दोनदा नाही म्हणाली होती. तिसऱ्यांदा तिला म्हणता आलं नाही.

नेत्रानं कागद दुरुस्त करून पाठवले. व्याज रेखाच्या नावावर गेलं, सरलाची मिळकत रेघेच्या खाली आली. मेडिकेडच्या ऑफिसात फोनवर तास तास संगीत ऐकत बसावं लागलं, तेही नेत्रानंच केलं. बर्फ वितळून शेतांत तळी साचली, तेव्हा एका सकाळी लोरेनची गाडी दारात लागली. मनोहरनं तिला खिडकीतून पाहिलं. "आली," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. सरलाही रडली. रेखाचं काय झालं, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही. रेखा शेजारी उभी राहून रोपं लावत होती, नेहमीसारखी. फक्त बोलत नव्हती.

एका रविवारी रेखा आणि सत्यजित दोघं ट्रेलरवर आली. सत्यजित इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बूट त्यानं दाराबाहेर काढले. मनोहरच्या शेजारी बसून त्याच्या हाताची चौकशी केली. "फरक आहे दादा, चांगलाच फरक आहे." सरलानं चहा ठेवला. रेखा कोचाच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत असल्यासारखी.

"वहिनी," चहा संपल्यावर सत्यजित म्हणाला, "आमच्या घरातला पैसा तुम्ही एवढी वर्षं सांभाळलात. थँक यू म्हणायला आलो."

सरलानं बशीवरचा कप सरळ केला.

"आता त्रास नको तुम्हाला. आमच्या खात्यावर ट्रान्सफर करून टाका."

"रेखाचे पैसे आहेत. रेखा म्हणेल तसं करीन."

"बरोबर आहे," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ. "मला फक्त एवढंच वाटतं, मेडिकेडवाल्यांना हे नीट समजलंय ना? खातं तुमचं, पैसे दुसऱ्यांचे. कुणी फोन करून विचारलं, तर पुन्हा चौकशी नको लागायला. दादांची एवढी छान सोय झालीय."

आतल्या खोलीत ड्रायर फिरत होता. मनोहरनं बोलायला तोंड उघडलं, शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता. त्याआधीच रेखा म्हणाली,

"देऊन टाका, सरलाताई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सरलाला अहोजाहो करत होती.

सरलानं तिच्याकडं पाहिलं. तिनं एकदा वर बघावं, एकदा मान हलवावी, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं सरलाला वाटत होतं. निदान असं वाटावं, असं तरी वाटत होतं. रेखानं वर पाहिलं नाही.

"बरं," सरला म्हणाली. तो शब्द तोंडातून गेला आणि तिला हलकं वाटलं. लोरेन सोमवारी येणार, हा विचार आधी आला. बाकीचे नंतर आले. हलकं वाटलं याची तिला एवढी लाज वाटली, की ती कप उचलायच्या निमित्तानं आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

"तू... खोली," दोघं गेल्यावर मनोहर म्हणाला. "तिची खोली... गेली."

"हो," सरला म्हणाली.

मे महिन्यात नर्सरीला श्वास घ्यायला वेळ नसतो. त्या धांदलीतच रेखा यायची बंद झाली. तिनं काम सोडल्याचं डगनं सांगितलं. सरलानं फोन केला तर तो सत्यजितनं उचलला. "दुकानात हात कमी पडतात वहिनी. आपलंच दुकान आहे, बाहेर कशाला राबायचं?" जूनच्या सुरुवातीला रुहीच्या कॉलेजचा समारंभ झाला. त्याचे फोटो कुणीतरी दाखवले. रेखा नव्या साडीत नवऱ्याशेजारी उभी होती.

जूनच्या मध्यावर एकदा सरला चौकातल्या पंपावर थांबली. गाडीत पेट्रोल होतं, तरी थांबली. दुकानात एका भिंतीला नवा कूलर उभा होता, काचेवरचा कंपनीचा कागद अजून अर्धवट निघालेला. आत बिअरचे, सोड्याचे डबे ओळीनं लावलेले. आवाज न करता चालत होता. सत्यजित शिडीवर चढून वरच्या फळीवर सिगारेटची पाकिटं रचत होता.

"या वहिनी," तो तिथूनच म्हणाला आणि पुन्हा पाकिटांकडं वळला.

गल्ल्यावर रेखा होती. दुकानाचा लाल टी-शर्ट, छातीवर नावाची पट्टी. हात स्वच्छ झाले होते. नखांत माती नव्हती, भेगा भरून आल्या होत्या. सरलानं हाताला लागलं ते च्युइंगगमचं पाकीट उचलून गल्ल्यावर ठेवलं. तिच्यामागं दोघं-तिघं उभे होते.

"रेखा," ती हळू म्हणाली.

रेखानं पाकीट मशीनवरून फिरवलं. "दाजी चालतात का?"

"चालतात. काठी घेऊन. दारापर्यंत जातात, परत येतात."

"पायऱ्या?"

"लोरेन धरते. दोन उतरतात."

"मग झालं तर," रेखा म्हणाली.

तिनं सुटे पैसे सरलाच्या तळहातावर ठेवले. तिची बोटं तिथं क्षणभर राहिली, की सरलालाच तसं वाटलं, कोण जाणे. शिडीवरचा आवाज थांबला होता. रेखानं हात मागं घेतला आणि सरलाच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं.

"नेक्स्ट," ती म्हणाली.